ज्यांना बोलवायचं नाही, त्यांच्या दारात आधी जा

मुलगी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची, मुलगा लातूर जिल्ह्यातल्या औशाचा, नोकरी दोघांचीही पुण्यात. मुलीनं विचारलंय: येत्या फेब्रुवारीत मुलाच्या शेतात ८० माणसांत लग्न करायचं आहे. हुंडा नको, मानपान नको, कन्यादान नको, भटजी नको, पण लग्न कोरडंही वाटायला नको. वडील म्हणतात, पंधराशे पत्रिका छापल्या नाहीत तर गावात तोंड दाखवता येणार नाही. आई या विषयावर बोलतच नाही. सुरुवात कुठून करू?

सुरुवात वडिलांच्या आहेराच्या वहीपासून करा.

माझ्या सासऱ्यांचा अंबाजोगाईला मंडपाचा व्यवसाय होता. मी त्यात आले ती स्वयंपाकाच्या बाजूनं, आणि गेली सोळा वर्षं छोटी लग्नं लावून देण्याचंच काम जास्त करते. जी छोटी लग्नं मोडता मोडता राहिली, किंवा होऊनही घरात कायमची अढी ठेवून गेली, त्यांत भांडण विधीवरून क्वचितच होतं. ते असायचं न बोलावलेल्या माणसांवरून. म्हणून मंडप, फुलं, फोटो यांचा विचार आत्ता बाजूला ठेवा.

ती वही बहुतेक घरांत असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, कपाटात कागदपत्रांच्या खाली. आत निळ्या शाईत नाव, गाव, रक्कम. २१ रुपये आणि टॉवेल-टोपी. एक लुगडं. ५१ रुपये आणि पातेलं. ती तुमच्या आई-वडिलांच्या लग्नातली, नाहीतर आत्याच्या लग्नातली असेल. तेव्हापासून तुमचे वडील एसटीनं, मोटारसायकलवर, भर उन्हात या प्रत्येक घरच्या लग्नाला जाऊन आलेत, अक्षता टाकून आलेत. पंधराशेचा आकडा त्यांनी मोठेपणासाठी धरला असेल असं मला वाटत नाही. तो फेडीचा हिशोब आहे. "आम्हाला गर्दी आवडत नाही" असं तुम्ही म्हणता, तेव्हा त्यांच्या कानावर पडतं ते असं, की तुमचा तीस वर्षांचा वेव्हार आम्हाला नको.

तेव्हा ती वही घेऊन वडिलांच्या शेजारी बसा. एकेक नाव त्यांना वाचू द्या, त्या माणसाची गोष्ट सांगू द्या. दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या. मग नावांपुढं खूण करायची: लग्नाला येणारे, ज्यांच्या घरी आपण जायचं ते, आणि ज्यांना फोन पुरतो ते. मधली यादी सगळ्यात महत्त्वाची. ज्यांना लग्नाला बोलवायचं नाही, त्यांच्या दारात आधी जायचं. पत्रिका नाही, निरोप नाही, बाप आणि लेक दोघांनी स्वतः जायचं. मुलाकडच्यांनीही त्यांच्या भावकीत तसंच फिरायचं.

केज तालुक्यातल्या एका लग्नात मी स्वतः बरोबर गेले होते. भावकीतले सगळ्यात वयस्कर नाना ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. मुलीच्या वडिलांनी नारळ पुढं ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "नाना, लेकीचं लग्न ऐंशी माणसांत करायलोत. तुम्हाला आवतण नाही, हे सांगायला आलो." नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरगी कुठाय?" ती मागं दाराशी उभी होती, पुढं येऊन पाया पडली. त्यांनी घरात हाक मारून चहा सांगितला, गूळ-शेंगदाणे आणायला लावले, बंडीच्या खिशातून १०१ रुपये काढून तिच्या हातावर ठेवले. लग्नानंतर गावात कुणीतरी विषय काढला, तर नानांनीच सांगितलं, "मला ठाऊक होतं. माझ्या घरी येऊन सांगितलं त्यांनी." त्यावर गावात कोण काय बोलणार?

हे फिरणं लग्नाच्या दोन-तीन महिने आधी, दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. आधी मोबाईलवर फोटो दिसले आणि मग तुम्ही दारात गेलात, तर ते जाणं समजूत काढायला गेल्यासारखं होतं. आणखी एक कारण आहे. बीडकडच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात घाईघाईत उरकलेल्या लग्नाला गेटकेन म्हणतात. तो शब्द कारखान्याच्या गेटवरच्या उसावरून आलाय, आणि अशा लग्नांत कोवळ्या वयाच्या मुली उजवल्या जातात म्हणून त्याला काळी बाजूही आहे. छोटं लग्न म्हटलं की लोकांच्या मनात हीच शंका येते: एवढी घाई कामून? काय झाकायलेत? तारीख तीन महिने आधी चारचौघांत सांगून टाकलीत की ती शंका उरत नाही.

वडिलांना आणखी एक आठवण करून द्या. कमी माणसांत लग्न करणं मराठवाड्याला नवं नाही. दुष्काळी वर्षांत सोयरीक जमवायला आलेली माणसं साखरपुड्यातच लग्न लावून परत गेलीत आणि त्याचं कौतुकच झालंय. २०२० मध्ये ५० माणसांची आणि २०२१ च्या एप्रिलात २५ माणसांची मर्यादा होती. त्या दोन वर्षांत लागलेल्या लग्नांतली जोडपी आज लेकरंबाळं घेऊन सुखानं नांदतायत. तुमच्या नात्यातही असं एक तरी घर असेल. वडिलांना त्या घराचं नाव घ्यायला लावा.

आता ८० हा आकडा. आपल्याकडं माणसं मोजू नयेत, घरं मोजावीत. एका काकाला बोलावलं की काकू, मुलगा आणि सून येणार, आणि ते बरोबरच आहे. ८० माणसं म्हणजे साधारण अठरा घरं आणि तुमचे आठ-दहा मित्रमैत्रिणी. मुलीकडची नऊ, मुलाकडची नऊ. अठरा घरं निवडायला बसलात की यादी आपोआप खरी होते.

वडील यानंतरही गावजेवणावर अडून राहिले, तर मी नको म्हणणार नाही. पण ते लग्नानंतर आठवड्यानं, सेलूला, त्यांच्या नावानं असावं आणि आवतण घरटी एका माणसाला असावं, चूलबंद म्हणजे सगळ्या घराला नाही. वरण-भात, भाजी, बुंदी. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत, आहेर नाही. तुम्ही दोघांनी पंगतीत वाढायचं. रिसेप्शन असा शब्द त्याला लावू नका. त्या शब्दाबरोबर स्टेज येतं, स्टेजबरोबर पंधराशे माणसं येतात, आणि शेतातलं लग्न मग त्याच्यापुढं रंगीत तालीम होऊन बसतं. असं झालेलं मी पाहिलंय. मुलगी दोन्ही दिवस रडत होती.

कायद्याचं काम लवकर हाती घ्या. तुमच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हा रस्ता मला सरळ वाटतो. हिंदू विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावा लागतो. विधी काहीच केला नाही आणि नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं, तर त्या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. विशेष विवाह कायद्यात तुम्हाला हवा तो विधी करा किंवा करू नका, अडत नाही. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची. तुमच्या बाबतीत ते पुणे. नोटीस लागल्यापासून ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर ती बाद होते. फेब्रुवारीच्या मध्यावर लग्न असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस द्या.

सह्यांसाठी तीन साक्षीदार लागतात. बहुतेक जोडपी ऑफिसातले मित्र घेऊन जातात आणि घरी नंतर सांगतात. कृपा करून तसं करू नका. एक सही तुमच्या वडिलांची, एक मुलाच्या आईची, एक मित्राची. सरकारी टेबलावर त्या कागदावर वाकून सही करताना भल्याभल्या रागीट बापांचा हात कापतो. तिथून ते तुमच्या बाजूनं बोलायला लागतात. साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं एक छोटं वाक्य म्हणावं लागतं, तेच शेतात पुन्हा सगळ्यांसमोर म्हणा.

विधीकडं येते. भटजीशिवाय लग्न लावायचा रस्ता महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. ती स्वातंत्र्य मागते, तो वचन देतो. तुमच्या गावातल्या बौद्ध घरांतली लग्नंही जाऊन पाहा. त्रिशरण, पंचशील, पांढरे कपडे, अर्ध्या-पाऊण तासात सगळं. कोरडं वाटू नये याचं उत्तर तिथं डोळ्यांसमोर दिसतं: सगळा मंडप एका सुरात म्हणतो, म्हणून ते भरलेलं वाटतं. तुमच्या विधीतही सगळ्यांनी मिळून म्हणायचं काहीतरी हवंच.

दोन गोष्टी मी अनुभवानं सांगते. पहिली, लग्न लागल्याचा क्षण हवा. काही वर्षांपूर्वी परळीकडं एका लग्नाचा क्रम मी लावला होता. शपथा झाल्या, हार झाले, सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. सगळे जेवायला उठले आणि मुलाची आजी पदर डोक्यावर घेऊन जागेवरच बसून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "माय, लगीन कवा लागायचं?" हातात अक्षतांसारख्या फुलांच्या पाकळ्या तिनं तशाच धरून ठेवल्या होत्या, मुठीत घामेजलेल्या. ती चूक माझी होती. नातवाचं लग्न लागलं आणि तिला ते कळलंच नाही. तेव्हापासून मी आंतरपाट ठेवते, किंवा हलगी ठेवते, किंवा घंटा. एक नेमका क्षण, ज्याला सगळे एकदम पाकळ्या टाकतील. तांदूळ नकोत, झेंडू-शेवंती चालते.

दुसरी, विधी काढला की त्या विधीत ज्याचं काम होतं तो माणूस रिकामा राहतो. मामा, आत्या, कानपिळी भाऊ, करवल्या. लोक विधीसाठी भांडतायत असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा ते आपल्या कामासाठी भांडत असतात. तेव्हा काढाल तितकी कामं परत द्या. आंतरपाट मामांनीच धरावा. आत्यानं पाहुण्यांना गूळ-पाणी द्यावं. कन्यादानाच्या जागी चारही आई-वडिलांनी पुढं यावं आणि दोघांच्या हातावर एकत्र पाणी सोडावं, किंवा नुसता हात ठेवावा. गावच्या कुंभाराकडून मडकी घ्या, कासारणीला बांगड्या भरायला बोलवा. मंडप लहान झाला म्हणून त्यांचा मान जाऊ नये.

वचनं लिहिताना पुस्तकी भाषा टाळा. पाच-सहा ओळी पुरे, घरात बोलता तशाच. नांदेडच्या एका मुलानं म्हटलेलं वचन मी कित्येक जोडप्यांना सांगते: "आईचं गाऱ्हाणं तुझ्यापर्यंत आणि तुझं आईपर्यंत मी नेणार नाही. जिथलं तिथं ऐकून घेईन." त्याची आई समोरच बसली होती. तिनं मान हलवली.

आणि एक मागणं माझं. आपल्या भागात तरुणपणी नवरा गेलेल्या बाया घराघरात आहेत. शेती आणि कर्जानं किती कुंकवं पुसली ते मी तुम्हाला सांगायला नको. लग्नघरात भाकरी त्या थापतात आणि हळदीच्या वेळी मागच्या दारी उभ्या राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पण ठरावानं हात पुढं होत नाही, तो कुणीतरी धरून पुढं करावा लागतो. रेणापूरच्या एका लग्नात मुलीनं पहिली हळद धाकट्या काकूच्या हातून मागितली. काकूनं वाटीत बोटं बुडवली आणि हात तसाच हवेत राहिला. हळद मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. कुणी काही बोलेना. शेवटी मुलीनंच गाल पुढं करून तिच्या बोटांना लावला. तुमच्या दोन्ही घरांत अशी कोण आहे ते आधी बघून ठेवा. तिला आदल्या दिवशी विचारा, तिथल्या तिथं धर्मसंकटात टाकू नका.

शेताबद्दल. तारीख फेब्रुवारीत असली तर थोडी आधीची घ्या. हुरडा जानेवारीत हमखास मिळतो, पुढं दाणा कडक होत जातो. दुपारी साडेचारला सुरू करून सूर्य मावळायच्या आत लग्न लागू द्या, त्या उजेडातल्या फोटोंची सर दुसऱ्या कशाला नाही. अवकाळीचं भय मनात ठेवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इकडं कुणी विसरलेलं नाही. औशाकडची काळी माती एका सरीत अशी चिकट होते की गाडीचं चाक फिरत नाही. बांधापर्यंतच्या वाटेवर महिनाभर आधी मुरूम टाकून घ्या, एक ट्रॅक्टर उभा ठेवा, आणि गावातल्या देवळाचा सभामंडप त्या दिवसासाठी मागून ठेवा. शेतातल्या लाईटवर विसंबू नका, ती कधी दिवसा असते कधी रात्री, जनरेटर लागतोच. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम शेतातही आहे. म्हाताऱ्या बायांसाठी खुर्चीचं संडास आणि तिथंपर्यंत सपाट वाट केलीत, तर त्यांचे आशीर्वाद वेगळे मागावे लागणार नाहीत.

जेवण शेतातलंच करा. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, भरलं वांगं, धपाटे-दही, शेंगदाण्याची चटणी, लापशी. निघताना प्रत्येकाच्या हातावर कुंथलगिरीचा पेढा. माणशी अडीच भाकरी धरल्या तर दोनशे होतात. किलोच्या आठ-नऊ निघतात, म्हणजे २४ किलो पीठ. ज्वारी दोन-तीन दिवस आधीच दळा, जुन्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही आणि भाकरी थापताना फाटते. चार चुली, चार बाया, दोन-अडीच तास. त्यांना रोजगार चोख द्या आणि शेवटच्या पंगतीत मानानं बसवा, तुम्ही दोघं वाढा. बुफे मला अशा लग्नात पटत नाही. ८० माणसं म्हणजे चाळीस-चाळीसच्या दोन पंगती. एवढ्या लोकांना नवरा-नवरीनं स्वतः वाढणं सहज होतं, आणि कोण काय कमी खातंय हे तुम्हाला दिसतं.

आहेर दोन्ही बाजूंनी बंद करा, फक्त देण्याचा किंवा फक्त घेण्याचा नको. आणि वाचलेल्या पैशातून कुठं मदत करणार असाल, तर ती मंडपात माइकवरून जाहीर करू नका. लग्न मोठं करू न शकलेले पाहुणेही समोर बसलेले असतात.

तुमची आई बोलत नाही, हे तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलंत, मी ते सगळ्यात आधी वाचलं. वडिलांकडं निदान वही आहे, आकडा आहे, भांडायला मुद्दा आहे. आईनं तुमच्या लग्नासाठी काय काय मनात धरलं होतं, हे बहुधा तिला कुणी विचारलेलंच नाही. कुणाला बस्ता बांधायला दोन दिवस दुकानात बसायचं असतं, कुणाला रुखवत मांडायचा असतो. परभणीच्या एका आईला जात्यावरच्या ओव्या येत होत्या, तिच्या आईनं शिकवलेल्या. मुलीला ते माहीतही नव्हतं. शेतघरात एक जुनं जातं होतं, ते धुऊन मंडपात ठेवलं, दोन्ही आया समोरासमोर बसल्या, खुंट्याला दोघींचा हात, आणि मंगलाष्टकांच्या जागी ओव्या झाल्या. सगळ्या बाया मागून धरायला लागल्या.

पुढच्या वेळी सेलूला जाल तेव्हा आईबरोबर एकटीनं बसा. ८० आणि पंधराशे हे आकडे तोंडातून काढू नका. एवढंच विचारा, की माझ्या लग्नात तुला स्वतःच्या हातानं काय करायचंय? उत्तर लगेच येणार नाही, दोन-तीनदा जावं लागेल. आलं की मला कळवा. त्या संध्याकाळचा सगळा क्रम आपण त्या कामाभोवती लावू.